प्रबंध आणि पेढी

आजकाल एखाद्या कॉलेजांतल्या मुलानें कांहीं उद्योग सुरू केला आणि वडिलांनीं परीक्षेचा विषय काढला, कीं एक उत्तर ठरलेलें असतें : "बिल गेट्सनें कॉलेज सोडलें होतें!" हें उत्तर आम्हीं इतक्या घरांत ऐकलें आहे कीं, त्याला आतां मंत्राचें स्वरूप आलें आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. तें ऐकून वडील गप्प बसतात, कारण गोष्ट खोटी नाहीं. आणि मुलगा जिंकल्यासारखा उठून जातो, कारण ती अर्धीच आहे हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. गेट्स १९७३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत गेला व १९७५ सालीं पॉल ॲलन या मित्राच्या भागीदारींत त्यानें मायक्रोसॉफ्टची स्थापना केली, हें सर्वश्रुत आहे. परंतु कंपनी निघाल्यावरही तो पुन्हां हार्वर्डास येऊन वर्गांत बसत होता आणि कायमचा बाहेर पडला तो १९७७ सालीं, ही हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. दोन वर्षें त्यानें एक पाय इकडे व एक पाय तिकडे ठेवून पाहिला. म्हणजे पेंच त्यालाही पडला होता. लोकांनीं त्याचें उत्तर तेवढें लक्षांत ठेवलें.

शिक्षण चालूं असतां धंदा कसा करावा, आणि धंदा उभा राहूं लागला असतां शिक्षण कसें पुरें करावें, हा प्रश्न आमच्याकडील व्याख्यानांतून बहुधा वेळापत्रकाचा म्हणून मांडला जातो. पहाटे चारला उठावें, दिवसाचे तुकडे पाडावे, करमणुकीस फांटा द्यावा, कीं सर्व कांहीं साधतें, असा त्या व्याख्यानांचा मथितार्थ असतो. आम्हांस हें मत पटत नाहीं. कां पटत नाहीं, तें तर्कानें सिद्ध करण्यापेक्षां, ज्या दोन विद्यार्थ्यांपासून या सगळ्या प्रकाराची परंपरा मोजतात त्यांचीच हकीकत जरा सविस्तर सांगावी हें बरें.

कॅलिफोर्नियांत पालो अल्टो गांवीं ॲडिसन ॲव्हेन्यू नांवाच्या रस्त्यावर ३६७ क्रमांकाचें घर आहे. त्याच्या मागच्या बाजूस मोटार ठेवण्याची एक लहानशी लांकडी कोठी आहे. याच गॅरेजांत ह्युलेट-पॅकर्ड या जगप्रसिद्ध कंपनीचा जन्म झाला, आणि पुढें त्या सबंध खोऱ्याला सिलिकॉन व्हॅली हें नांव पडल्यावर या कोठीला तिचें जन्मस्थान ठरविण्यांत आलें. एवढी गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असते. या गॅरेजांत काम करीत असतां दोघेही भागीदार स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पटावर होते, आणि त्यांचा पहिला खपाऊ माल म्हणजे त्यांतल्या एकाच्या प्रबंधाचा विषय होता, ही गोष्ट मात्र फारशी ठाऊक नसते.

ही हकीकत त्या दोघांपासून सुरू होत नाहीं. त्यांच्या गुरूपासून सुरू होते. फ्रेडरिक टर्मन यांचा जन्म १९०० सालचा. वडील स्टॅनफर्डमध्येंच मानसशास्त्राचे प्राध्यापक. मुलगा पूर्वेकडे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत जाऊन १९२४ सालीं डॉक्टर झाला आणि तेथेंच शिकविण्याची जागाही त्याला मिळत होती. पण सुटीसाठीं घरीं आला असतां क्षयानें गांठलें, आणि सुमारें वर्षभर अंथरुणावर काढावें लागलें. पूर्वेकडची कडक थंडी सोसेल असें राहिलें नाहीं, म्हणून टर्मन स्टॅनफर्डलाच शिकवूं लागले. एका माणसाच्या फुप्फुसाच्या दुखण्यानें एका प्रांताचें भवितव्य बदललें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि हें दुखणें आलें नसतें तर पुढची हकीकत अशी झाली नसती, एवढें खचित.

त्या काळीं विजेच्या व रेडिओच्या मोठ्या कंपन्या सगळ्या पूर्व किनाऱ्यावर. स्टॅनफर्डचा हुशार विद्यार्थी पदवी मिळतांच आगगाडीचें तिकीट काढून तिकडे जावयाचा, तो परत यावयाचा नाहीं. टर्मन यांना या गोष्टीचें शल्य होतें. आमच्याकडे अशा प्रसंगीं प्राध्यापक निरोपसमारंभांत भाषण करतात. त्यांनीं दुसरा मार्ग धरला. वर्गांतल्या मुलांना घेऊन ते आसपासच्या लहान लहान कारखान्यांतून हिंडूं लागले. चार्ल्स लिटन काचेच्या निर्वात नळ्या कशा घडवितो, फिलो फार्न्सवर्थ हा सॅन फ्रॅन्सिस्कोंत दूरदर्शनाच्या यंत्राशीं कशी झटापट करतो, हें मुलांनीं डोळ्यांनीं पाहिलें. यांतले पुष्कळ कारखानदार फारसे शिकलेले नाहींत. मग शास्त्र नीट शिकलेल्या माणसानें मनावर घेतलें तर काय होणार नाहीं, असें टर्मन हिंडतां हिंडतां सहज बोलून जात. डेव्हिड पॅकर्ड याच्या मनांत तें वाक्य घर करून राहिलें.

पॅकर्ड हा कोलोरॅडोंतला, उंचपुरा, खेळाडू; विल्यम ह्युलेट हा स्टॅनफर्डच्याच एका वैद्यकाच्या प्राध्यापकाचा मुलगा, बारा वर्षांचा असतां पितृछत्र गमावलेला. अक्षरें नीट वाचण्याची व लिहिण्याची त्याला उपजत अडचण होती. ऐकलेलें मनांत सांठवून व रचून ठेवण्याची संवय त्यानें त्यापायींच लावून घेतली. दोघेही १९३४ सालीं पदवीधर झाले. आपण मिळून कांहीं तरी धंदा काढावा हा बेत तेव्हांच झाला होता. पण तो काळ महामंदीचा. पॅकर्डला जनरल इलेक्ट्रिक कंपनींत नोकरी मिळत होती, आणि ती आधीं घे, धंद्याला उपयोगी पडेल असें शिकून ये, असा सल्ला देणारे खुद्द टर्मनच होते. येथें थोडें थांबून विचार करण्यासारखें आहे. ज्या गुरूनें धंद्याचें बीं पेरलें त्यानेंच पहिलें सांगणें केलें तें नोकरी धर असें. ह्युलेट पुढील शिक्षणासाठीं राहिला, मॅसॅच्युसेट्सला जाऊन १९३६ सालीं त्यानें वरची पदवी घेतली व तो पुन्हां टर्मन यांच्या प्रयोगशाळेंत आला.

१९३७ च्या ऑगस्टच्या २३ तारखेस पॅकर्ड सुटीवर आला असतां दोघांनीं एक बैठक भरविली आणि तिचें टिपण लिहून ठेवलें. तें टिपण मोठें मौजेचें आहे. कंपनीचें नांव ठरलें : 'इंजिनियरिंग सर्व्हिस कंपनी'. माल कोणता काढावयाचा, तें मात्र नक्की नव्हतें. रेडिओचे ग्राहक, वैद्यकीय उपकरणें, दूरदर्शन, सगळ्यांचाच उल्लेख आहे. माल ठरण्यापूर्वीं नांव ठरविण्याची हौस आमच्याच तरुणांना आहे असें नाहीं, एवढें पाहून आम्हांस समाधान वाटलें.

पुढच्या वर्षीं टर्मन यांनीं जी जुळवाजुळव केली ती या हकीकतीचा गाभा होय. त्यांनीं पॅकर्डसाठीं स्टॅनफर्डमध्यें एक संशोधनवृत्ति मिळविली. रसेल व्हेरियन याच्या कल्पनेवरून एका निर्वात नळीचें काम चाललें होतें, तें लिटनच्या कारखान्यांत बसून करावयाचें, त्याबरोबर वरच्या पदवीचा अभ्यास पुरा करावयाचा, आणि उरलेला वेळ स्वतःचा. वृत्तीची रक्कम पॅकर्डच्या पगारापेक्षां बरीच कमी होती. जनरल इलेक्ट्रिकनें त्याला राजीनामा न मागतां रजा दिली. फसलों तर परत जातां येईल, हा धीर होता. त्याची पत्नी लुसील हिनें विद्यापीठाच्या रजिस्ट्रारच्या कचेरींत नोकरी धरली. १९३८ च्या उन्हाळ्यांत हें जोडपें मोटारीनें सबंध देश ओलांडून पश्चिमेस आलें तेव्हां गाडीच्या मागच्या बैठकीवर एक जुनें भोंक पाडण्याचें यंत्र होतें. कारखाना म्हणावयाचा तर तोच!

ॲडिसन ॲव्हेन्यूवरील घराचें भाडें महिना ४५ डॉलर. खालच्या मजल्यावर पॅकर्ड पति-पत्नी, परसांतल्या एका खोपटांत अविवाहित ह्युलेट, आणि मोटारीच्या जागीं कारखाना. रोख पैसा व तें भोंकाचें यंत्र मिळून भांडवल ५३८ डॉलरांचें. सुरुवातीस जें काम मिळेल तें घेतलें. लिक वेधशाळेच्या दुर्बिणीला ताऱ्यांच्या गतीबरोबर फिरविणारें यंत्र, चेंडू घरंगळविण्याच्या खेळांत खेळाडूचा पाय रेषेपलीकडे गेला कीं इशारा देणारें यंत्र, हार्मोनिकेचे सूर जुळविणारें यंत्र, मुतारींत आपोआप पाणी सोडणारें यंत्र, विजेचे हलके धक्के देऊन लठ्ठपणा कमी करणारें यंत्र! यांतलें एकही पुढें धंद्याला उपयोगी पडलें नाहीं. टर्मन त्या रस्त्यानें जात तेव्हां म्हणे नुसत्या मोटारीवरून धंद्याची नाडी ओळखीत : मोटार गॅरेजांत असली तर हाताला काम नाहीं, बाहेर रस्त्यावर उभी असली तर काम आलेलें आहे.

आतां मुख्य मुद्याकडे येऊं. टर्मन त्या वेळीं वरच्या वर्गाला प्रत्यादानाचें तत्त्व शिकवीत होते. ध्वनिवर्धकांतून निघालेल्या प्रवाहाचा कांहीं अंश उलटा फिरवून पुन्हां आरंभीं आणून सोडला म्हणजे यंत्राचें वर्तन स्थिर होतें, असें तें तत्त्व. या चर्चेंतून ह्युलेटला प्रबंधाचा विषय सुचला. कानाला ऐकूं येणाऱ्या कंपनसंख्यांचा विद्युत्प्रवाह हवा तसा निर्माण करणारें उपकरण — ऑसिलेटर — रेडिओ, टेलिफोन, बोलपट या सर्वांच्या तपासणीस लागत असे. पण तोंवर तें करण्याची रीत खर्चाची होती. दोन अतिशीघ्र कंपनें निर्माण करून त्यांच्यांतील फरक तेवढा उचलावयाचा, आणि तो फरक ढळूं नये म्हणून वरचेवर जुळवीत बसावयाचें. ह्युलेटनें नुसते रोधक व धारक वापरून सरळ कंपन काढण्याचें ठरविलें. अडचण एकच होती : असें कंपन एक तर वाढत जाऊन विद्रूप होतें, नाहीं तर मंदावून विझतें. त्यावर त्यानें जो तोडगा काढला तो पाहून हसूं येतें आणि मग मान डोलावीशी वाटते. त्यानें मंडलांत विजेचा एक लहानसा साधा दिवा घातला. प्रवाह वाढला कीं दिव्याची तार तापते, तापली कीं तिचा रोध वाढतो, आणि रोध वाढला कीं प्रवाह आपोआप आंवरला जातो. कवडीमोलाचा दिवा, उजेड पाडण्यासाठीं नव्हे, तर आंवर घालण्यासाठीं बसविलेला!

हाच प्रबंध १९३९ सालीं स्टॅनफर्डला सादर झाला व ह्युलेटला त्यावर पदवी मिळाली. हेंच उपकरण ह्युलेट-पॅकर्डचा पहिला माल ठरलें. एका रात्रीचें जागरण दोन खात्यांवर जमा झालें, असें व्यापारी भाषेंत म्हणतां येईल. या दोघांनीं अभ्यास आणि धंदा यांचा तोल सांभाळला असें कोणी म्हटलें तर आम्ही विचारूं, कीं तागडीच्या दोन पारड्यांत दोन वेगळ्या वस्तु होत्या कोठें? अभ्यासाचा तास संपवून धंद्याचा तास सुरू करावयाचा, ही त्यांच्यावर पाळीच आली नाहीं. दिवसाचे तुकडे पाडण्याचें कौशल्य तेथें कामास आलें नाहीं. दोन कामें एक करूं देणारा शिक्षक कामास आला.

या उपकरणाला त्यांनीं '२०० ए' असें नांव दिलें. 'पहिलें' म्हटलें असतें तर गिऱ्हाईक बिचकलें असतें! किंमत ठेवली ५४ डॉलर ४० सेंट. हा आंकडा हिशेबानें आलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकांत ओरेगॉनच्या सरहद्दीच्या वादांत ५४ अंश ४० कलांच्या अक्षांशावरून एक घोषणा गाजली होती, ती आठवून ठेवलेला होता. लौकरच ध्यानांत आलें, कीं या किंमतींत घडणावळही निघत नाहीं. अशा चुकीनें एखादी पेढी पहिल्याच वर्षीं बुडाली असती. हे तरले, कारण तशा कामाचें प्रतिस्पर्ध्याचें यंत्र चारशे डॉलरांच्या आसपास विकलें जात होतें, आणि किंमत वाढविण्यास जागा भरपूर होती. वॉल्ट डिस्नेच्या चित्रसंस्थेनें 'फॅन्टेजिया' या १९४० सालच्या बोलपटाच्या ध्वनियोजनेसाठीं सुधारलेलीं आठ यंत्रें घेतलीं. १ जानेवारी १९३९ रोजीं रीतसर भागीदारी झाली. कोणाचें नांव आधीं, हें नाणें उडवून ठरविलें. त्या पहिल्या वर्षाची विक्री ५,३६९ डॉलर व नफा १,५६३ डॉलर होता. मोठा आंकडा नव्हे. पण दुसऱ्याचें देणें नव्हतें.

लुसील पॅकर्डविषयीं दोन शब्द न लिहिले तर तो अन्याय होईल. घरांत दरमहा नियमित येणारा पैसा मुख्यतः तिच्या पगाराचा होता. दिवसां कचेरी, संध्याकाळीं कंपनीचीं पत्रें व हिशेब, आणि यंत्रांच्या दर्शनी पट्ट्यांना रंग दिल्यावर तो पक्का करावयाचा तोही तिच्याच स्वयंपाकघरांतल्या भट्टींत. त्यानंतर त्या भट्टींतल्या मांसाची चव पहिल्यासारखी कधीं लागली नाहीं, असें ती पुढें म्हणत असे. कंपनीच्या नांवांत दोन आडनांवें आहेत, आणि त्यांतलें एक तिचेंही होतें, हें त्या नांवाकडे पाहून कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्याकडेही 'स्वतःच्या हिंमतीवर' धंदा उभारल्याच्या ज्या कथा छापून येतात, त्यांतून कोणाचा तरी पगार, कोणाचें तरी स्वयंपाकघर असेंच गाळलेलें असतें.

या उलट उदाहरणें हवीं असतील तर तींही पाहावीं. गेट्स व ॲलन यांनीं आपलें पहिलें काम हार्वर्डच्या संगणकावर केलें. तो संगणक सरकारी पैशानें संशोधनासाठीं चाललेला. त्यावर बाहेरच्या माणसास घेऊन विक्रीचें काम केलें म्हणून विद्यापीठानें गेट्सला जाब विचारला व समज दिली. नियमाच्या दृष्टीनें विद्यापीठाचें चुकलें असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. मायकेल डेल १९८३ सालीं टेक्ससच्या विद्यापीठांत गेला तो वैद्यकाच्या पूर्वतयारीसाठीं, आणि वसतिगृहाच्या खोलींत संगणकांचे सुटे भाग जोडून विकूं लागला. आईबाप न कळवितां भेटीस आले तेव्हां त्यानें सगळें सामान घाईघाईनें न्हाणीघराच्या पडद्याआड लपविलें. १९८४ सालीं त्यानें हजार डॉलरांवर कंपनी काढली आणि कॉलेज सोडलें. शरीरशास्त्राचें पुस्तक आणि संगणकाची विक्री यांना जोडणारा धागाच नव्हता, तर तो कोणी गुरु तरी कोठून आणणार? अशा स्थितींत एक सोडावें लागतें. डेलनें वेळेवर सोडलें, हा त्याचा शहाणपणा. पण ज्याला लपविण्यासाठीं पडदा शोधावा लागत नाहीं, त्याचें दैव आम्ही अधिक मोठें समजतों.

स्टॅनफर्डनें हा पडदा जाणूनबुजून दूर ठेवला. १९३७ सालीं व्हेरियन बंधूंस विद्यापीठानें प्रयोगशाळेंत जागा आणि सामानासाठीं शंभर डॉलर दिले, आणि त्यांच्या शोधाच्या उत्पन्नांत निम्मा वांटा ठरवून घेतला. त्यांतून क्लायस्ट्रॉन नांवाची नळी निघाली. १९८२ सालीं आंद्रेयास बेख्टोल्सहाइम या विद्यार्थ्यानें तेथें रचलेल्या संगणकावरून 'सन' ही कंपनी निघाली. तिच्या नांवांतलीं अक्षरें स्टॅनफर्डच्या जाळ्याचीं, आणि भागीदारांतला एक विनोद खोसला हा पुण्यांत जन्मलेला. याच बेख्टोल्सहाइमनें १९९८ सालीं लॅरी पेज व सर्गे ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांस एक लाख डॉलरांचा चेक लिहून दिला, तो गूगल कंपनीच्या नांवें. आणि ती कंपनी अजून नोंदलेलीच नसल्यामुळें चेक कांहीं दिवस तसाच पडून राहिला. पेज व ब्रिन यांनींही अभ्यासक्रम सोडला, हें खरें. पण जी शोधरीति घेऊन ते बाहेर पडले ती त्यांच्या संशोधनाचीच होती, आणि तिचें पेटंट विद्यापीठाच्या नांवें होतें. त्या बदल्यांत मिळालेले गूगलचे भाग विद्यापीठानें २००५ सालीं विकले, त्याचे सुमारें ३३ कोटी ६० लक्ष डॉलर झाले.

या आंकड्यानें आमचे डोळे दिपत नाहींत. उलट थोडी भीतीच वाटते. ह्युलेट-पॅकर्डचे भाग १९५७ सालीं बाजारांत आले तेव्हां टर्मन त्या कंपनीच्या संचालक मंडळावर बसले. म्हणजे गुरु आणि भागधारक हे एका देहांत नांदूं लागले. टर्मन यांच्याविषयीं आमच्या मनांत किंतु नाहीं. परंतु जेथें प्रत्येक प्रबंधाकडे प्राध्यापक व्यापाऱ्याच्या नजरेनें पाहूं लागतो, तेथें ज्या विषयाला गिऱ्हाईक नाहीं त्याचा विद्यार्थी कोठें जाणार, हा प्रश्न उरतोच. संस्कृत व्याकरणावर किंवा तमाशाच्या इतिहासावर प्रबंध लिहिणाऱ्याच्या दारांत मोटार कधींच उभी राहणार नाहीं.

आमच्याकडे काय स्थिति आहे? कागदावर पाहतां वाईट नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.नें पवईस २००४ सालीं अशा उद्योगांना जागा व मदत देणारी 'साइन' ही संस्था काढली. केंद्र सरकारनें २०१९ सालीं विद्यार्थी व अध्यापक यांच्या उद्योगांविषयीं एक धोरण जाहीर केलें. त्यांत विद्यार्थ्याला सत्रभर किंवा वर्षभर रजा घेऊन पुन्हां येण्याची आणि हजेरींत सवलत देण्याची तरतूद आहे. परंतु धोरण व वर्ग यांच्यामध्यें एक शिक्षक उभा असतो, आणि त्याला तास, तपासणी, तक्ते यांतून मान वर करण्यास सवड नसते. आमच्या पाहण्यांतला एक मुलगा शेतांतल्या विहिरीवरील पंप दूरवरून चालूं-बंद करण्याचीं उपकरणें बनवून विकत असे. मालही खपत असे. अखेरच्या वर्षीं प्रकल्प सादर करण्याची वेळ आली तेव्हां त्याचें हें काम 'ठरलेल्या यादींत बसत नाहीं' म्हणून नाकारलें गेलें. त्यानें बाजारांत जाऊन एक तयार प्रकल्प वहीसकट विकत आणला, तो सादर केला, आणि त्याला चांगले गुण मिळाले. त्यानें स्वतः केलेलें काम धंद्याच्या खात्यांत राहिलें आणि विकत घेतलेलें विद्येच्या खात्यांत जमा झालें. पहाटे किती वाजतां उठलें असतां याचा तोल साधला असता, तें कोणीं सांगावें?

ॲडिसन ॲव्हेन्यूवरील तें घर कंपनीनें २००० सालीं विकत घेऊन पूर्वीसारखें करून ठेवलें आहे. आंत कोणास सोडीत नाहींत. लोक पादचारी मार्गावर उभे राहून दूरच्या त्या हिरव्या दारांचें छायाचित्र घेतात. घरासमोर १९८९ सालीं बसविलेला एक फलक आहे. गॅरेज पाहण्याच्या घाईंत तो वाचण्यास थोडेच थांबतात. त्यावर ह्युलेट व पॅकर्ड यांचीं नांवें मागाहून येतात. त्यांच्या आधीं एका प्राध्यापकाचें नांव आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांना त्यानें काय सांगितलें तें लिहिलेलें आहे.